चेऊल ते श्रीवर्धन : पितृनाम व आडनांव

(१) विषयप्रवेश

जुनें दफ्तर हातीं आलें म्हणजे त्याची यादी करणें हें पहिलें काम. आणि त्या यादींत पहिले विभाग पाडावयाचे ते आडनांवांचे, अशी रीत आपल्याकडे बहुधा पडून गेली आहे. आंगऱ्यांचे कागद आंगरे या नांवाखालीं, चिटणिसांचे चिटणीस या नांवाखालीं, दिवेकरांचे दिवेकर या नांवाखालीं. ही रीत सोयीची आहे यांत संशय नाहीं. परंतु ज्या काळचे ते कागद आहेत, त्या काळीं ते लिहिणाऱ्या पुरुषांनीं स्वतःस याच नांवानें ओळखलें असतें काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

प्रस्तुत लेखांत चेऊलापासून श्रीवर्धनापर्यंतच्या किनाऱ्यापुरता, म्हणजे आजच्या रायगड व १९८१ पूर्वींच्या कुलाबा जिल्ह्याच्या समुद्रकांठापुरता, हा प्रश्न घ्यावयाचा आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, या कागदांत मनुष्याची ओळख पटविण्याचें मुख्य साधन त्याच्या बापाचें नांव हें आहे. आडनांव हें त्या मानानें उशिराचें, अस्थिर आणि पुष्कळदां परक्यांनीं लावलेलें चिन्ह आहे. जो संग्राहक आडनांवावर विसंबतो तो एका घराण्याचीं दोन व दोन घराण्यांचें एक करून ठेवतो. या विचाराची किल्ली मात्र दफ्तरांत न मिळतां, याच किनाऱ्यावर उतरलेल्या एका रशियन व्यापाऱ्याच्या नांवांत मिळते. म्हणून आरंभ तेथूनच करूं.

(२) चेऊलास उतरलेला निकिताचा मुलगा

पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत अफनासी निकितिन नांवाचा त्वेर शहरचा व्यापारी इराणांतून होर्मुझमार्गे एक घोडा विकावयास घेऊन चेऊल बंदरीं उतरला. जुन्या गणनेप्रमाणें हें वर्ष १४६९ चें. अलीकडील कांहीं संशोधक तें १४७१ चें धरतात. चेऊलाहून तो पाली, उंब्रे असा घाट चढून जुन्नरास व पुढें बहामनी राजधानी बेदर येथें गेला, आणि परत जातांना दाभोळास जहाजावर चढला. त्याचें प्रवासवृत्त 'तीन समुद्रांपलीकडील प्रवास' या अर्थाच्या नांवानें प्रसिद्ध आहे. स्वदेशीं पोंचण्यापूर्वींच स्मोलेन्स्क शहराच्या अलीकडे त्याचा अंत झाला. त्याचे कागद व्यापाऱ्यांनीं मॉस्कोस आणले व १४७५ च्या सालाखालीं तें वृत्त तेथील बखरींत उतरून घेतलें गेलें. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं इतिहासकार करमझिन यास त्याची एक प्रत त्रोइत्स्की मठाच्या संग्रहांत सांपडली; आणि १८५७ सालीं हॅक्लुइट सोसायटीनें त्याचें इंग्रजी भाषांतर छापलें. रेवदंड्यास या प्रवाशाचें स्मारक आज उभें आहे.

हा इतिहास अनेकांस ठाऊक आहे. आम्हांस येथें त्याच्या नांवाचें प्रयोजन आहे. एकाच पुरुषाचीं तीन नांवें त्या एका हस्तलिखिताच्या परंपरेंत सांपडतात.

पहिलें, प्रार्थनेंतलें. देवापुढें स्वतःचा उल्लेख करतांना तो 'अफनासी, मिकितिन सिन' असा करतो. मिकिता हें निकिता या नांवाचें बोलण्यांतलें रूप. 'मिकितिन' म्हणजे 'मिकिताचा' आणि 'सिन' म्हणजे पुत्र. दुसरें, बखरकाराचें. मॉस्कोच्या बखरींत या लेखाची नोंद करतांना त्यास 'त्वेरितिन', म्हणजे त्वेरकर, व्यापारी असें म्हटलें आहे. तेथें बापाचें नांव नाहीं. तिसरें, या देशांत धारण केलेलें. बेदरास हिंदु लोकांशीं परिचय वाढल्यावर तो त्यांस सांगतो कीं, आपण मुसलमान नसून ख्रिस्ती आहों, आपलें नांव अफनासी, आणि मुसलमानी नांव खोजा यूसुफ खोरासानी असें आहे. येथेंही बाप नाहीं. गांव किंवा देश आहे, आणि तोही खरा नव्हे.

या तीन नांवांतला भेद नीट लक्षांत घ्यावा. देवापुढें मनुष्य बापाच्या नांवानें उभा राहतो. शेजारच्या राज्यांतील लेखक त्यास गांवाच्या नांवानें ओळखतो, कारण त्वेर शहरांत कोणी 'त्वेरकर' नसतो. तें नांव गांवाबाहेर पडल्यावरच लागतें. आणि परमुलुखांत, जेथें बापास ओळखणारा कोणी नाहीं, तेथें बापाचें नांव सांगण्यांत अर्थच उरत नाहीं. तेथें मनुष्य अमुक देशचा म्हणून चालतो. आज आपण ज्यास 'निकितिन' हें आडनांव म्हणतों तें त्याचें आडनांव नव्हतेंच. 'निकिताचा मुलगा' या शब्दांतील 'मुलगा' गाळून मागाहूनच्या लोकांनीं तें बनविलें. आपल्या याद्यांतूनही नेमकें हेंच होत असतें.

(३) स्लाव पितृनामांची घडण

स्लाव भाषांतील आडनांवांचा मोठा भाग अशाच रीतीनें बनलेला आहे. रशियन 'ओव', 'एव' व 'इन' हे प्रत्यय मूळचे षष्ठीच्या अर्थाचे आहेत. पेत्रोव म्हणजे पेतरचा, इवानोव म्हणजे इवानचा, निकितिन म्हणजे निकिताचा. 'कोणाचा?' या प्रश्नाचें तें उत्तर आहे. आपल्याकडे खेड्यांत पोराला 'तूं कोणाचा?' म्हणून विचारतात आणि तें 'रामाचा' म्हणून उत्तर देतें, तीच ही घडण. फरक इतकाच कीं, मराठींतील 'रामाचा' बोलण्यांत राहिला आणि रशियन 'इवानोव' कागदावर चढून घराण्याचें नांव झाला.

दुसरा प्रत्यय 'विच' हा होय. इवानोविच म्हणजे इवानचा पुत्र. रशियांत हें रूप आजही प्रत्येकाच्या नांवांत मधल्या जागीं असतें व आदरानें हांक मारतांना तेंच वापरतात. पूर्वीं मात्र तें सर्वांस मोकळें नव्हतें. 'विच' लावण्याचा मान राजकुलांतील व सरदार मंडळींचा. व्यापारी व सामान्य जनांनीं 'अमक्याचा पुत्र' एवढेंच लिहावें. दुसऱ्या कॅथरीनच्या कारकीर्दींत (१७६२–१७९६) सरकारी दरजांच्या वरच्या पांच वर्गांस 'विच' रूपानें लिहावें असा नियमच होता. तेव्हां निकितिनच्या 'मिकितिन सिन' या दोन शब्दांत बापाच्या नांवाबरोबर त्याचा दरजाही सांगितला गेला आहे.

सर्बियन व क्रोएशियन 'इच' व पोलिश 'विच' हे याच कुळांतले. सर्बियन कोशकार वुक स्तेफानोविच कराजिच (१७८७–१८६४) याच्या नांवांतील मधला शब्द बापाचा, म्हणजे स्तेफानचा, आणि शेवटचा घराण्याचा. पोलिश 'स्की' हा मात्र बहुधा गांवावरून येतो. तो आपल्या 'कर' चा सख्खा भाऊ समजावा. रशियांतील शेतकरीवर्गास तर कायमचें आडनांव बहुतांशीं १८६१ त दास्यमुक्ति झाल्यानंतर मिळालें. तोंपर्यंत पिढी बदलली कीं 'कोणाचा' याचें उत्तरही बदलत असे. आडनांव स्थिर झालें तें सरकारी नोंदवहीमुळें, हें येथें ध्यानांत ठेवावें.

(४) सुत, बिन, वलद

आतां आपल्या किनाऱ्याकडे वळूं. अलिबागेजवळ आक्षी येथें असलेला केसिदेवरायाचा शिलालेख प्रसिद्ध आहे. त्यावरील शक ९३४ असा वाचला गेला असून त्या वाचनाविषयीं मतभेद आहे. त्यांत राजास त्याच्या बिरुदांनीं व भइर्जु सेणुई यास महाप्रधान या अधिकारानें ओळखविलें आहे. बापाचें नांव नाहीं. उलट शिलाहारांच्या दानपत्रांत ब्राह्मण प्रतिग्रहीत्याचें गोत्र, पित्याचें नांव आणि पुष्कळदां तो ज्या स्थळाहून आला तें स्थळ, असा क्रम दिसतो. कारण उघड आहे. शिलालेखांत अधिकार सांगावयाचा आहे. दानपत्रांत हक्क सांगावयाचा आहे, आणि हक्क पुढें पुत्रपौत्रांस जावयाचा आहे. जेथें हक्काचा प्रश्न येतो तेथें बाप हजर होतो.

मुसलमानी अंमलांत या जागीं अरबी शब्द आले. अरबींत 'इब्न' म्हणजे पुत्र. दोन नांवांच्या मध्यें तो 'बिन' असा होतो. 'वलद' म्हणजेही अपत्य, पुत्र. दक्षिणेंतील सुलतानांच्या फारसी दफ्तरांतून हे दोन्ही शब्द मराठी लेखनांत उतरले व पक्के बसले. शिवाजी महाराजांच्या आज्ञेनें राज्यव्यवहारकोश होऊन पुष्कळ यावनी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द मिळाले. महाराजांच्या मुद्रेंत तर ते 'शाहसूनु', म्हणजे शहाजीचे पुत्र, म्हणून उभे आहेत आणि भोसले हें आडनांव तींत नाहीं. परंतु कारकुनी कागदांतून 'बिन' व 'वलद' हलले नाहींत. इंग्रजी अंमलांतील न्यायालयांच्या निवाड्यांपर्यंत ते चालत आले. त्या निवाड्यांत सामान्यतः ब्राह्मणांच्या नांवांत बापाचें नांव नुसतें जोडलेलें व मराठे आदिकरून इतरांच्या नांवांत 'बिन' घालून जोडलेलें आढळतें. रशियांत 'विच' व 'सिन' यांत जसा दरजाचा भेद होता, तसाच येथें 'बिन' असण्यानसण्यांत वर्णाचा भेद उतरला आहे.

मोडी लेखनांत शब्द सुटे नसतात. त्यामुळें 'बिन' मागच्या किंवा पुढच्या नांवास चिकटून वाचला जाण्याचा संभव फार. नवशिक्यानें एका ओळींत दोन नांवें लागोपाठ आलीं कीं दुसऱ्यास आडनांव समजण्यापूर्वीं मध्यें हीं दोन अक्षरें आहेत कीं काय, हें भिंग लावून पाहावें. तें आडनांव नव्हे, बाप आहे.

(५) 'बल्लाळ' या शब्दाचा घोळ

या विषयांतील सर्वांत बोधप्रद उदाहरण श्रीवर्धनचें आहे. श्रीवर्धनकर भट घराण्यांतील पुरुष पेशवे झाले. त्यांचें उपनांव भट. परंतु पत्रांत ते त्या नांवानें क्वचितच भेटतात. भेटतात ते बाळाजी विश्वनाथ, बाजीराव बल्लाळ, बाळाजी बाजीराव, माधवराव बल्लाळ, नारायणराव बल्लाळ, माधवराव नारायण आणि बाजीराव रघुनाथ. प्रत्येक नांवांत दुसरा शब्द बापाचा आहे. बाळाजी हें नांव बापाच्या जागीं आलें म्हणजे त्याचें 'बल्लाळ' होतें, एवढी रूढि माहीत असली कीं सर्व साखळी उलगडते.

या साखळीचा उपयोग केवळ वंशावळीपुरता नाहीं. पेशवाईंत दोन बाजीराव व दोन माधवराव होऊन गेले. कागदावर साल नसेल, व अशा कागदांची संख्या थोडी नाहीं, तर आडनांव येथें कांहींच साह्य करीत नाहीं; चौघांचेंही एकच. बाप मात्र तत्काळ निर्णय देतो. 'माधवराव बल्लाळ' असेल तर कागद १७६१ ते १७७२ मधला. 'माधवराव नारायण' असेल तर १७७४ ते १७९५ मधला. 'बाजीराव बल्लाळ' १७२० ते १७४०. 'बाजीराव रघुनाथ' १७९६ ते १८१८. एका शब्दानें अर्ध्या शतकाचें अंतर मोजतां येतें.

आतां दुसऱ्या बाजूचा घोळ पाहा. शिवछत्रपतींचे चिटणीस बाळाजी आवजी. त्यांचे वडील आवजी हरि हे जंजिऱ्याच्या सिद्दीच्या पदरीं होते अशी चिटणीस घराण्याची परंपरा सांगते. बाळाजींचे चिरंजीव खंडो बल्लाळ. आवजी हरि, बाळाजी आवजी, खंडो बल्लाळ : तीन पिढ्या, आणि एकाच्याही नांवांत आडनांव नाहीं. तरी हरीपासून खंडोपर्यंत चार पुरुषांची ओळ निव्वळ नांवांतून वाचतां येते. 'चिटणीस' हें पुढें कुळाचें नांव झालें तें अधिकारावरून. परंतु ज्यानें 'बल्लाळ' हें आडनांव समजून यादी केली, तो श्रीवर्धनच्या ब्राह्मण पेशव्यांस व प्रभु चिटणिसांस एकाच कप्प्यांत घालील. आणि बाळाजी विश्वनाथ, जो बाजीराव बल्लाळांचा प्रत्यक्ष पिता, त्यास निराळ्या कप्प्यांत ठेवील. पुत्र एकीकडे, पिता दुसरीकडे, आणि परका मध्यें, अशी ती यादी होईल.

(६) आंगरे

किनाऱ्यावरील सर्वांत प्रतापी नांव आंगऱ्यांचें. या घराण्याचें मूळ उपनांव संकपाळ. पुणें प्रांतांतील आंगरवाडी या स्थळावरून आंगरे हें नांव पडलें, असें सर्वत्र नमूद आहे. म्हणजे ज्या नांवानें पोर्तुगीज व इंग्रज यांस धडकी भरविली, तेंही मूळचें गांवाचेंच. कान्होजींच्या संस्कृत मुद्रेंत मात्र ते तुकोजींचे पुत्र व सरखेल, एवढ्याच दोन विशेषणांनीं येतात. बाप व अधिकार त्यांस पुरेसे वाटले.

तरी येथेंच पितृनामाच्या पद्धतीची मर्यादाही दिसते. नातवास आजाचें नांव ठेवण्याची आपली जुनी चाल. त्यामुळें एका घराण्यांत तींच दोन नांवें आळीपाळीनें येत राहतात. कान्होजींचे पुत्र मानाजी. मानाजींचे पुत्र राघोजी, जे १७९३ त वारले. त्यांचे पुत्र पुनः मानाजी. आणि त्यांचे पुत्र पुनः राघोजी, जे १८३८ त वारले. त्यांच्या अल्पवयी वारसाचें नांवही कान्होजीच होतें. तो गेल्यावर १८४० त कुलाबा संस्थान खालसा झालें. आतां एखाद्या फाटक्या कागदावर 'राघोजी बिन मानाजी' एवढेंच उरलें असेल, तर तो पहिला राघोजी कीं दुसरा? आडनांव दोघांचें एक, बापाचें नांवही एक. अशा ठिकाणीं आजाचें नांव, 'बिन' ची दुसरी कडी, कागदांत कोठें आहे काय तें शोधावें. कारण एकाचा आजा कान्होजी व दुसऱ्याचा राघोजी. जुने वतनदार आपल्या करीन्यांत व महजरांत तीन-तीन, चार-चार पिढ्या मोजून लिहीत, तें पाल्हाळ नव्हे. दोन कड्यांची साखळी फसवते, तिसरी कडी सोडवते, हें त्यांस अनुभवानें ठाऊक होतें. वतनाचा निवाडा त्या एका कडीवर अवलंबून असे.

(७) 'कर' हा प्रत्यय व बेने इस्रायल

गांवावरून पडलेल्या नांवांचा अभ्यास करावयास या किनाऱ्याइतकें चांगलें क्षेत्र नाहीं, आणि त्यांतही बेने इस्रायल समाजाइतका चांगला पुरावा दुसरा नाहीं. अलिबागेनजीक नवगांवच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचें जहाज फुटलें, अशी त्यांची परंपरा. तेल गाळणें हा त्यांचा मुख्य धंदा, व शनिवारीं घाणा बंद, म्हणून लोक त्यांस शनिवार तेली म्हणत. किहीमकर, नवगांवकर, चेऊलकर, आवासकर, दिवेकर, पेणकर, रोहेकर, राजपूरकर अशीं त्यांचीं आडनांवें वाचीत गेलें तर या जिल्ह्याचा नकाशाच डोळ्यांपुढें उभा राहतो.

परंतु या नकाशाचा अर्थ सावधपणें करावा. चेऊलांत राहणाऱ्यास चेऊलांत कोणी चेऊलकर म्हणत नाहीं. तो पेणेस किंवा मुंबईस गेला म्हणजे चेऊलकर होतो. त्वेरच्या व्यापाऱ्यास मॉस्कोच्या बखरकारानेंच 'त्वेरकर' म्हटलें, तेंच हें. अर्थात् कागदावरील 'कर' कागद कोठें लिहिला हें सांगत नाहीं. तो पुरुष कोठून निघाला होता, इतकेंच सांगतो. एक भाऊ नवगांवांतून निघाला व दुसरा आधीं किहिमास राहून मग निघाला, तर एकाच बापाचे दोन पुत्र दोन आडनांवांचे होऊं शकतात. उलट एकाच गांवाहून निघालेलीं, एकमेकांशीं रक्ताचा कांहीं संबंध नसलेलीं ब्राह्मण, प्रभु, भंडारी, मुसलमान व बेने इस्रायल घराणीं एकच आडनांव लावितात. नुसत्या 'दिवेकर' या शब्दानें दिवेआगर कळतें, कूळ कळत नाहीं.

याच समाजांतील एक नांव संपूर्ण घेऊन पाहूं. इंग्रजांच्या फौजेंत अंमलदार असलेले व टिपूच्या कैदेंतून सुटून आलेले सामाजी हसाजी दिवेकर यांनीं १७९६ त मुंबईस बेने इस्रायलांचें पहिलें प्रार्थनामंदिर बांधलें. त्यांचेंच दुसरें नांव सॅम्युएल एझिकेल दिवेकर. सामाजी म्हणजे सॅम्युएल, हसाजी म्हणजे एझिकेल. स्वतःचें, बापाचें व गांवाचें असा तो शुद्ध मराठी क्रम. दोन भाषांत दोन वेष, पण सांगाडा एकच. धर्मकृत्यांच्या हिब्रू लेखांत याच नांवाचें 'श्मुएल बेन येहेझ्केल' असें रूप होतें. तेथें गांव गळून पडतें व बाप राहतो. निकितिनच्या प्रार्थनेंत हेंच घडलें होतें.

हा 'बेन' शब्द आमच्या संग्राहकांनीं विशेष ध्यानांत घ्यावा. हिब्रू 'बेन' व अरबी 'इब्न' हे एकाच सेमेटिक मूळाचे सगोत्र शब्द आहेत. म्हणजे या किनाऱ्यावर एकच शब्द दोन वाटांनीं आला : एक वाट यहुदी धर्मकृत्यांची, दुसरी सुलतानी दफ्तरांची. तेल्याच्या घरांतील विवाहपत्रांत 'बेन' आहे, आणि त्याच गांवच्या पाटलाच्या कागदांत 'बिन'. दोघांसही तो शब्द परका वाटत नसे. बेने इस्रायल या समाजनामांतील 'बेने' हें त्याच 'बेन' चें अनेकवचन, इस्रायलाचे पुत्र. सबंध समाजाचें नांवच एक पितृनाम आहे.

(८) सावधगिरीचीं स्थळें

पितृनामावर भर द्यावा असें आम्हीं म्हटलें. परंतु त्याचा अतिरेक होऊं नये म्हणून तीन ठिकाणें दाखवून ठेवितों.

पहिलें ठिकाण पोथ्यांचें. बापाच्या जागीं कधीं गुरु बसलेला असतो. 'एका जनार्दनी' या मुद्रेंतील जनार्दन हे नाथांचे गुरु होत, वडील नव्हेत. पुष्पिकेंतील 'सुत', 'तनय', 'आत्मज' हे शब्द स्पष्ट असतील तरच पुत्रत्व मानावें. नुसतें जोडलेलें नांव गुरूचेंही असूं शकतें.

दुसरें ठिकाण दत्तकाचें. दत्तविधान झालें कीं बाप बदलतो. वेणगांवच्या माधवराव नारायण भटांचे पुत्र नानासाहेब यांस १८२७ त बाजीराव रघुनाथांनीं दत्तक घेतलें. तेव्हांपासून ते बाजीरावांचे पुत्र. एकाच पुरुषाचीं दोन पितृनामें दोन निरनिराळे पुरुष म्हणून नोंदलीं जाण्याचा धोका येथें आहे. शिवाय हे माधवराव नारायण भट व शनिवारवाड्यांतील सवाई माधवराव, म्हणजे माधवराव नारायण, यांचें नांव, बापाचें नांव व उपनांव हीं तिन्ही सारखीं असून पुरुष दोन आहेत. येथें स्थळ व काळ हेच तारक.

तिसरें ठिकाण स्त्रियांच्या नांवांचें. रशियांत विवाहित स्त्री नवऱ्याचें घराणें स्वीकारते, पण मधल्या जागीं 'ओव्ना' प्रत्ययानें बापाचेंच नांव जन्मभर बाळगते. आपल्या कागदांत स्त्रीच्या नांवापुढें 'कोम' म्हणजे 'अमक्याची बायको' हा शब्द येऊन नवऱ्याचें नांव येतें, आणि बाप नाहींसा होतो. त्यामुळें आपल्या दफ्तरांतून स्त्रीचें माहेर शोधणें हें फार कष्टाचें काम झालें आहे. यादी करणारानें 'कोम' वाचतांना त्यास 'बिन' समजूं नये. एरवीं पत्नीची मुलगी होते व सबंध वंशवृक्ष एका पिढीनें सरकतो.

(९) उपसंहार

आडनांवें आज स्थिर झालीं आहेत, तीं शाळा, कचेरी, न्यायालय व खानेसुमारी यांच्या नोंदवह्यांमुळें. या वह्यांनीं मनुष्यास एकदां जें नांव विचारलें तें पुत्रपौत्रांस कायमचें चिकटलें. कोणास गांव चिकटलें, कोणास अधिकार, कोणास धंदा. त्यापूर्वींच्या कागदांस ही स्थिरता लागू करणें म्हणजे नातवाचा अंगरखा आजास चढविणें होय.

म्हणून या किनाऱ्यावरील दफ्तरें व पोथ्या ज्यांच्या संग्रहीं आहेत त्यांस आमची सूचना अशी. यादींत प्रथम व्यक्तिनाम लिहावें. त्यापुढें बापाचें नांव, कागदांत असेल त्याच रूपांत, 'बल्लाळ' असेल तर 'बल्लाळ' च. मिळाल्यास आजाचें नांव. आणि शेवटीं आडनांव, उपनांव, गांव व अधिकार हीं सर्व, कोणत्या सालच्या कोणत्या कागदांत आलीं त्या उल्लेखासह. ज्या कागदांत आडनांव नाहीं त्यांत तें आपण होऊन घालूं नये. घालावयाचेंच तर कंसांत घालावें. या रीतीनें श्रम वाढतील, परंतु तुटलेलीं घराणीं जुळतील व बळेंच जुळविलेलीं सुटतील.

चेऊलाच्या किनाऱ्यावर उतरलेला तो व्यापारी आपल्या देशीं जिवंत परतला नाहीं. त्याचा घोडा जुन्नरच्या खानानें एकदां हिरावून घेतला व मोठ्या प्रयासानें परत दिला, व्यापारांत लाभ झाला नाहीं, आणि परधर्मीयांच्या मुलुखांत त्यास परकें नांव घ्यावें लागलें. पण त्याच्या वहीच्या कागदांत 'मिकिताचा पुत्र' एवढे दोन शब्द राहिले, आणि त्यावरून साडेपांचशें वर्षांनीं आपण त्याच्या बापास ओळखतों. आपल्या दफ्तरांतील हजारों 'बिन' असेच कोणाच्या तरी बापाचें नांव धरून बसले आहेत. तें वाचतांना गाळलें जाऊं नये, इतकीच विनंति.